आईचं गणित सगळ्यात सोपं

गणितावरून घरात तीन पार्ट्या पडतात आणि तिन्ही पार्ट्या एकाच सात वर्षांच्या पोरीच्या मागे लागतात, हे मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलं असतं तर पोट धरून हसले असते. आमच्याच घरी झालं, म्हणून हसायची सोय राहिली नाही.

ती पोर म्हणजे माझी यशोधरा. यशू. आम्ही कळंबला राहतो, विहाराच्या मागच्या आळीत. माझा नवरा कपिल कंपन्यांची कामं घरूनच लॅपटॉपवर करतो. सासरे श्रीपत गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. आणि मी दीप्ती, कर्जतला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होते. करत होते म्हणते, कारण यशूला शाळेतून काढलं त्याच आठवड्यात मी ते काम सोडलं.

शाळेतून काढलं तेही रागाच्या भरात. ती पहिलीत होती. गणिताच्या तासाला उत्तर आलं नाही म्हणून मॅडमनी तिला बाकावर उभं केलं, आणि पोरीने तिथेच चड्डीत शू केली. 'मुलीचे कपडे घेऊन या,' एवढाच फोन आला मला. मी कपडे घेऊन गेले आणि मुलगी घेऊन आले. दप्तर आणायलासुद्धा मागे वळले नाही. माझ्या नाकावर राग असतो असं सासूबाई म्हणायच्या. त्या दिवशी तो डोक्यात गेला होता.

सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर चहा पीत बसले होते. कप हातातल्या हातात राहिला.

"काढली म्हंजे? मग कोणच्या शाळंत घातली?"

"कुठेच नाही, बाबा. घरीच शिकवणार आम्ही. हल्ली पुष्कळ जण शिकवतात."

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी घर विकलं म्हणून सांगितलं असतं तरी बरं, असं मला वाटलं. मग म्हणाले, "माझ्या बापाला शाळंच्या पायरीवर बसवायचे. आत नाय. पायरीवर बसून तो चार यत्ता शिकला, म्हणून मी मास्तर झालो. आणि तू आत बाकावर बसलेली पोर उचलून घरी आणलीस?"

दुसऱ्या कुणी बोलून दाखवलं असतं तर मी तिथल्या तिथे ऐकवलं असतं. यांना काय ऐकवणार?

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनीच तोड काढली. "जूनपर्यंत तुमचं तुमी शिकवून बघा. पोरीला गणित आलं तर मी परत तोंड उघडणार नाय. नाय आलं, तर मी सोता तिच्या हाताला धरून शाळंत नेऊन बसवणार. मग मधी कोणी यायचं नाय." कपिल लगेच हो म्हणाला. मीही म्हणाले. यशू वाचायला पटापट शिकली होती, तिथे काही चिंता नव्हती. सगळं येऊन अडलं ते गणितावर.

आता गणित शिकवायचं, पण कुठलं? घरी शिकवणाऱ्या आयांचा एक ग्रुप मला फोनवर सापडला होता. तिथे मी भोळेपणाने विचारलं, कुठला अभ्यासक्रम चांगला? झालं. एक म्हणे, एक गोष्ट पक्की झाल्याशिवाय पुढे हलू नका. दुसरी म्हणे, सगळं थोडं थोडं घ्या आणि फिरून फिरून त्याच गोष्टीकडे या. तिसरी म्हणे, आठ वर्षांची होईपर्यंत आकडा दाखवूच नका. व्यक्ती तितक्या प्रकृती. शेवटी खालापूरजवळ राहणाऱ्या एका बाईंनी त्यांची मुलं मोठी झाल्यावर माळ्यावर पडून असलेली पेटी मला वापरून बघायला दिली. लाकडी पेटी, आत रंगीत मणी. सुटे मणी म्हणजे एकक, तारेत ओवलेली दहा मण्यांची दांडी म्हणजे दशक. सोबत आयांसाठी पुस्तक. त्यात ठळक अक्षरात लिहिलेलं, मुलाला उत्तर सांगू नका, थांबा आणि वाट पाहा. मला ते इतकं आवडलं की मी ते वाक्य स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं.

कपिल पेटी बघून म्हणाला, "जग कुठं चाललंय आणि तू मणी काय ओवत बसलीस?" त्याने टॅबवर एक ॲप घेतलं. त्यात एक कोल्हा गणितं घालतो. उत्तर बरोबर आलं की चांदण्या पडतात, चुकलं की कोल्हा मान हलवतो.

बाबांनी दोन्हींकडे बघून कपाळावर हात मारला. "पाढे नायत ते गणित कसलं? पाया घातला नाय आणि मजले चढवताय." आणि ते सरकारी पुस्तक आणि पाढ्यांची उजळणी घेऊन बसले.

एकाच पोरीला तीन अभ्यासक्रम नकोत, एवढी अक्कल आम्हाला होती. पण मागे कोण हटणार? मग असं ठरलं की सकाळी बाबा, दुपारी मी, संध्याकाळी कपिल. महिनाभर तिघांनी आपापलं शिकवायचं, मग ज्याचं चांगलं लागू पडेल ते ठेवायचं आणि बाकीचं बंद करायचं. रक्ताच्या तपासणीतसुद्धा एकाच नमुन्यात तीन रसायनं टाकून निकाल बघत नाहीत, हे मला कळायला हवं होतं. तेव्हा ते डोक्यात आलं नाही.

महिनाभरात यशूने कमाल केली. बाबा ओट्यावर बसून "सात पाचे?" म्हणाले की तिचा आवाज खणखणीत यायचा, "पस्तीस!" टॅबवर चांदण्यांचा पाऊस पडायचा. आणि माझ्यासमोर मण्यांची बेरीज करताना तिचं उत्तर थोडं हळू, पण हमखास बरोबर यायचं. मी तिला एकदाही उत्तर सांगितलं नाही. भिंतीवरचं वाक्य मी जिवापाड पाळलं. थांबायचे, वाट बघायचे, आणि तिचं उत्तर बरोबर यायचं. ज्याला पाहावं त्याची मान ताठ, असं आमचं घर झालं होतं.

मग एका रविवारी निकाल लावायचं ठरलं. फाल्गुन होता, अंगणात वाल सुकत पडले होते. आम्ही तिघं ओट्यावर बसलो, यशू मध्ये. बाबांनी पाढे विचारले, कपिलने टॅब पुढे केला, मी मणी मांडले. पोर कुठेच अडली नाही. मग श्रेय कोणाचं यावर जुंपली. कपिल म्हणाला ॲपचं, मी म्हणाले पेटीचं. बाबांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं.

"कोणाचंबी असू दे. पोरीला गणित येतंय. जूनचं माझं बोलणं मी मागं घेतो. दीप्ती, तू जिंकलीस गं."

मला काय वाटलं ते सांगू? त्या माणसाच्या तोंडून ते ऐकायला मी महिनोन् महिने झुरत होते. यशूच्या केसांवरून हात फिरवला आणि आत जाऊन तिच्यासाठी शिरा केला.

त्याच दुपारी मी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढायला गेले. यशू जांभळाच्या झाडाखाली शेजारच्या गोदूबाईंच्या नातीबरोबर, सईबरोबर खेळत होती. सई पाच वर्षांची, अंगणवाडीतली. खेळ कुठला, तर शाळा-शाळा. ज्या शाळेतून मी तिला उचलून आणलं, तीच शाळा ही पोर घरी मांडून बसली होती. मी चादरीआड होते, त्यांना दिसत नव्हते.

"सई, गणित लय सोपं असतं," यशू मॅडम सांगत होत्या. "आकडे नाय बघायचे. माणसाकडं बघायचं."

"कोणच्या माणसाकडं?"

"जो विचारतो ना, त्याच्याकडं. माझे आजोबा अर्धं सांगतात. सात पाचे पस... असं म्हणतात. मग आपण पस्तीस म्हणायचं. पप्पांचं बोट आधीच बरोबर उत्तरापाशी जाऊन थांबतं. आपण तिथं दाबायचं. आणि आईचं सगळ्यात सोपं."

चिमटे माझ्या हातात होते. ते तसेच राहिले.

"आई विचारती ना, तेव्हा श्वास धरून ठेवती. मग आपण हळूहळू आकडे म्हणत जायचं. बारा... तेरा... चौदा... आई श्वास सोडती ना, तिथं थांबायचं. तोच बरोबर."

"आणि नाय सोडला तर?"

"मग अजून पुढं जायचं. पण लय पुढं नाय जायचं. नायतर आई मोरीत जाऊन रडती."

मोरीत मी नळ सोडून रडायचे. नळाच्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नाही, असं मी धरून चालले होते.

सईने आपल्या वयाचा प्रश्न विचारला. "मग शाळेत तुला का नाय यायचं?"

"शाळेत मॅडम फळ्याकडं तोंड करून विचारायच्या," यशू म्हणाली. "त्यांचं तोंडच दिसायचं नाय."

मी चादर बाजूला केली नाही. करायची हिंमतच झाली नाही. तिथूनच, तिला दिसेल न दिसेल अशी पाठ करून, कपडे काढत असल्यासारखं दाखवत मी हाक मारली. "यशू, सात आणि आठ किती गं?"

सकाळीच तिने हे सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आता मागून तिचा आवाज आला, हळू. "बारा... तेरा... चौदा... पंधरा..."

पंधरा आलं. मी हलले नाही.

"सोळा... सतरा... अठरा..." आवाज बारीक होत चालला. "वीस... एकवीस... बावीस... आई, इकडं बघ ना."

एकोणीस मधेच गळून गेला होता. तिच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या हातातले चिमटे खाली पडले आणि मी ते उचलले नाहीत. शाळेच्या त्या बाईंना मी महिनोन् महिने शिव्या घातल्या होत्या. बाकावर उभं केलं त्यात त्या चुकल्याच, ते मी आजही म्हणेन. पण पोरीला गणित येत नव्हतं ते त्यांच्यामुळे नव्हतं. शाळेत जायच्या आधीपासून, जिन्याच्या पायऱ्या मोजताना, बोटं मोजताना, ती माझं तोंड वाचत होती. आणि मी शेजारणींना सांगत फिरत होते, माझ्या लेकीला न शिकवता येतं म्हणून.

खरं सांगते, गप्प बसायचा विचार माझ्या मनात आला. बाबांनी शब्द मागे घेतला होता. मी जिंकले होते. सई काही सांगायला जाणार नव्हती. चहा होईपर्यंत मी गप्प बसलेही. पण यशू कपबशा घेऊन आली आणि बाबांच्या हातात कप देण्याआधी तिने आधी त्यांच्याकडे, मग कपिलकडे, मग माझ्याकडे बघितलं. रोज बघत असणार. मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. यशूला गोदूबाईंकडे पाठवून मी सगळं सांगून टाकलं.

कपिलने टॅब उघडून तिच्या चांदण्या मला मोजून दाखवल्या. बाबा तर चिडलेच. "मी अर्धं सांगतो? तीस वर्षं शिकवलंय मी. पोरांना उत्तर सांगायची सवय मला नाय."

"मग दाराआडून विचारा," मी म्हणाले.

यशूला बोलावून ओट्यावर बसवलं. बाबा आतल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं. आतून आवाज आला, "आठ सत्ते?"

यशू दाराकडे बघत बसली. कपिल खाली मान घालून बसला होता, मी तोंडावर पदर धरला होता. वेळ गेला. आतून पुन्हा आवाज आला. "आठ सत्ते, बाळा? छप..."

"छप्पन्न!" यशू ओरडली.

दार उघडायला खूप वेळ लागला. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी स्वतःच्या कानाने स्वतःला ऐकलं होतं. कपिलने टॅब यशूच्या मांडीवर ठेवला आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. तिने कोल्ह्याकडे बघितलं, मग बापाच्या हातांकडे, ते कुठे गेले म्हणून. मग एकामागून एक सगळी उत्तरं दाबत सुटली. कोल्हा मान हलवत राहिला, हलवत राहिला आणि मग चांदणी पडली. चांदणी पडली तरी कपिल हसला नाही.

यशू रडायला लागली. "मी बरोबर नाय केलं का?" तिला उचलून घेऊन मी आत नेलं. ती झोपली.

बाहेर आले तर कपिल म्हणत होता, "आपल्याला जमणार नाही हे. जूनमध्ये शाळेत घालू." माझ्यातही त्राण उरलं नव्हतं. मी म्हणाले, "बाबा, तुमचंच खरं. घेऊन जा तिला शाळेत."

बाबा आळीच्या दिशेने बघत बोलले. "शाळंत जाऊन काय हुईल? मी अर्धं म्हणायचो आणि वर्ग उरलेलं म्हणायचा. चाळीस पोरं एका सुरात ओरडायची. मला वाटायचं, सगळ्यांना आलं. त्यात कितीजणांचं नुसतं तोंड हलत होतं, कोणास ठाऊक." कपिलने त्यांच्या हातावर हात ठेवला. ते उठले. "शाळंचं जूनमधी बघू. आदी आपली तोंडं बंद करा."

ती पेटी, तो टॅब, ते पुस्तक, तिन्ही मी कपाटात ठेवली आणि भिंतीवरचा कागद काढून टाकला. कुठला अभ्यासक्रम निवडला असं ग्रुपवरच्या बाया विचारत होत्या. मी फोन बघितला नाही.

सकाळी मी सुपात वाल घेऊन ओट्यावर बसले आणि यशूला म्हणाले, "आंधळी कोशिंबीर खेळायची?" माझी जाड ओढणी मी माझ्याच डोळ्यांवर घट्ट बांधली. बाबा मागे आरामखुर्चीत होते. मी त्यांना म्हणाले, "तुम्ही बोलायचं नाही हं." ते तोंडावर पंचा धरून बसले होते, हे मला कपिलने नंतर सांगितलं.

"मूठभर वाल काढ आणि माझ्या पुढ्यात ठेव," मी म्हणाले. "किती आहेत सांग."

वाल पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. माझ्या डोळ्यांसमोर हात हलल्यासारखा वारा लागला. ती तपासत होती. मग तिचा छोटासा तळवा माझ्या छातीवर येऊन टेकला. मी श्वास नेहमीसारखा घेत राहिले.

"आई, श्वास धर ना."

"नाही धरणार."

"मग मला कसं कळणार?"

तिचा हात तसाच होता. मग तिने विचारलं, "तुला माहीत हाय का किती हायेत?"

"नाही. माझे डोळे बांधलेत. मला खरंच माहीत नाही."

"खरंच?"

"खरंच नाही, यशू."

छातीवरचा हात गेला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. ती उठून गेली की काय, म्हणून मी ओढणीला हात घालणार होते, तेवढ्यात शहाबादी फरशीवर टक् झालं. मग अजून एक टक्. "एक... दोन... तीन..." एकेक वाल ती बाजूला ओढत होती. आवाज तोच होता, पण तो वाट बघत नव्हता. एकेका वालाबरोबर खाली पडत होता. "नऊ... दहा... अकरा. अकरा हायेत."

मागून खुर्ची करकरली आणि थांबली.

"बरोबर हाय का?"

"मला माहीत नाही. तूच सांग."

तिने रागाने एक सुस्कारा सोडला, अगदी माझ्यासारखा. वाल पुन्हा गोळा केल्याचा आवाज आला. पुन्हा टक्, टक्. या वेळी ती आणखी हळू मोजत होती, एका जागी थांबली, परत मागे गेली.

"बारा हायेत, आई," ती म्हणाली. "मगाशी माझं चुकलं होतं. एक पायाखाली गेला होता."

हे बोलताना ती रडली नाही. ओढणीच्या आत मी रडत होते, पण ते तिला दिसत नव्हतं, आणि तिने पुढची मूठ भरली.